ओमानला पक्षी पाहायला जाताय? आधी दुपारचा हिशोब मांडा

डिसेंबरात मस्कतला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच वाजायच्या आत मावळतो. म्हणजे उजेड धड अकरा तासही नाही. त्यातले दहा ते साडेतीन हे तास बहुतेक पक्ष्यांसाठी बाद धरायचे. चंडोल बाभळीच्या सावलीत, नाहीतर एखाद्या दगडाच्या आडोशाला गप्प बसलेले असतात, आणि जे बाहेर असतात ते जमिनीवरून उठणाऱ्या वाफेत थरथरताना दिसतात. हाती उरतात सव्वापाच तास, तेही दोन तुकड्यांत. ओमानच्या सहलीचे बहुतेक आराखडे फसतात ते इथेच. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या चाळीस जागा नकाशावर टोचायच्या, अंतरं मोजायची आणि दिवसाला पाच जागा वाटून टाकायच्या. कागदावर सगळं छान बसतं. प्रत्यक्षात पाचांतल्या तीन जागांवर तुम्ही टळटळीत उन्हात पोहोचता.

म्हणून आराखडा उलटा करायचा. दिवसाला सकाळची एक जागा आणि संध्याकाळची एक जागा, बस. गाडीचा लांब प्रवास, पेट्रोल, जेवण, काढलेले फोटो कार्डावरून उतरवून घेणं, झोप हे सगळं मधल्या खड्ड्यात टाकायचं. या नियमाला अपवाद दोनच, शिकारी पक्षी आणि समुद्राची भरती. दोन्हींकडे पुढे येऊच.

कधी

ऑक्टोबर ते मार्च हा सरधोपट काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्थलांतराची वर्दळ असते, डिसेंबर ते फेब्रुवारी हिवाळी गरुड भरपूर. पण धोफार, म्हणजे दक्षिणेतला सलालाहचा भाग, याचं पंचांग वेगळं आहे. तिथे जून ते सप्टेंबर 'खरीफ' असतो. नाव ओळखीचं असलं तरी हा पेरणीचा हंगाम नव्हे, मोसमी वाऱ्यांमुळे डोंगरांवर उतरणारं धुकं आणि बारीक पाऊस. डोंगर हिरवेगार होतात, पर्यटकांची झुंबड उडते आणि दुर्बिणीला वीस मीटरपलीकडे काही दिसत नाही. उन्हाळी पाहुणे हवे असतील, म्हणजे राखी डोक्याचा खंड्या, डिड्रिक कोकीळ, ब्रूसचं हिरवं कबूतर, तर खरीफाच्या आधी किंवा ओसरता ओसरता जावं. ऐन हिवाळ्यात गेलात तर हे तिघे मनातून काढून टाका.

रमजान कधी येतो ते तिकीट काढण्यापूर्वीच पाहा. दरवर्षी तो साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणंपिणं चालत नाही, गाडीत बसूनसुद्धा नाही, आणि हमरस्त्यावरची बरीचशी उपाहारगृहं सूर्यास्तापर्यंत बंद असतात. जाऊ नये असं नाही. पण दिवसाचं खाणं-पाणी मुक्कामाच्या खोलीतच उरकायचं, एवढी तयारी हवी. एरवी साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं मिटलेली असतात, त्यामुळे पाण्याचे खोके गुरुवारीच गाडीत हवेत.

रस्ता आणि गाडी

मस्कत ते सलालाह रस्त्याने सुमारे १००० किलोमीटर. आठ दिवसांपेक्षा कमी हाताशी असतील तर हे अंतर विमानाने तोडा, दीड-पावणेदोन तास लागतात, आणि दोन्ही टोकांना वेगवेगळी गाडी घ्या. दहा-बारा दिवस असतील तरच रस्त्याने जाण्यात अर्थ आहे. तेही जाताना अदम, हैमा, कतबीत, थुमरैत असं आतून आणि येताना दुक्मवरून किनाऱ्याने, किंवा उलट. एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडायचे वेगळे पैसे लागतात आणि पुष्कळ करारांत रोजच्या किलोमीटरला मर्यादा असते. ती मर्यादा आणि 'ऑफ-रोड' नुकसानीचं कलम, हे दोन परिच्छेद सहीपूर्वी वाचलेच पाहिजेत. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी भाड्याने दिली म्हणजे वाळूत झालेलं नुकसान विम्यात धरलंय, असं बहुधा नसतं.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि गोल चौकात आधीपासून आत असलेल्याचा हक्क पहिला. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यासोबत ठेवा. हमरस्त्यावर कमाल वेग १२० आणि कॅमेरे जागोजागी. हैमाच्या पुढे-मागे टाकी अर्धी झाली की भरायची, पुढचा पंप नकाशावर दिसत असला तरी. आडबाजूच्या पंपावर कार्डाचं यंत्र चालेलच असं नाही, म्हणून थोडे सुटे रियाल खिशात हवेत. एका रियालचे १००० बैसा होतात आणि किंमत तीन दशांशांत लिहितात. ०.५०० म्हणजे अर्धा रियाल. पहिल्या दिवशी हा दशांश भल्याभल्यांना चकवतो.

व्हिसाचे नियम राष्ट्रीयत्वानुसार बदलतात. रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर आपल्या पासपोर्टला काय लागू आहे ते पाहायचं, दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्यांच्या आठवणीवर विसंबायचं नाही.

पाण्यावर येणारे पक्षी

सकाळची सगळ्यात मोलाची जागा म्हणजे पाणी. कतबीतजवळचं मुंतसिर हे ओॲसिस त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ठिपक्यांची आणि मुकुटधारी अशा दोन्ही पखुर्ड्या, म्हणजे सँडग्राउस, तिथे सकाळी पाणी प्यायला येतात. अनेक जण इथे उजाडताच पोहोचतात, तासभर काही येत नाही म्हणून कंटाळून निघून जातात आणि पखुर्ड्या त्यानंतर उतरतात. या जाती पहाटे येत नाहीत. सूर्योदयानंतर साधारण दीड ते तीन तास ही त्यांची वेळ. पण तुम्ही मात्र त्यांच्या अर्धा-पाऊण तास आधी जागेवर बसलेले हवेत.

बसायचं कसं तेही पाहा. पाण्यापासून चाळीस-पन्नास मीटरवर गाडी उभी करायची, सूर्य पाठीशी, इंजिन बंद. गाडीतून उतरायचं नाही, गाडी हीच लपण. आधी हाक ऐकू येते, मग थवा वरून एक घिरटी घालतो. दुसऱ्या घिरटीला तो खाली येतो आणि थेट काठावर न उतरता थोडा लांब, उघड्या जमिनीवर टेकतो. मिनिट-दोन मिनिटं सगळे माना ताठ करून स्तब्ध. मग लगबगीने चालत पाण्याकडे, दहा-पंधरा सेकंद घोट आणि पुन्हा उड्डाण. विणीच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, तेव्हा तो काठावर जास्त रेंगाळतो. थवा दोन-तीन घिरट्या घालून न उतरताच गेला तर चूक तुमची आहे. गाडी फार जवळ आहे, दार उघडं आहे, किंवा त्यांच्या उतरण्याच्या आणि पाण्याच्या मधोमध तुम्ही आहात. अशा वेळी गाडी मागे घ्यावी. त्या पक्ष्यांचं दिवसाचं पाणी आपण तोडतोय.

शिकारी पक्ष्यांचं गणित याच्या उलटं. जमीन तापून हवा वर उचलू लागल्याशिवाय गरुड उठत नाहीत, म्हणून दहानंतरचे दोन तास त्यांना द्यायचे. सलालाहजवळ रैसूतचा कचरा डेपो हे स्टेप गरुडांसाठी वर्षानुवर्षं नावाजलेलं ठिकाण, मस्कतजवळ अल अमरातकडे पांढरी गिधाडं. वास सोसायची तयारी हवी आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याची परवानगीही. व्हेरोच्या काळ्या गरुडासाठी धोफारमधल्या जबल समहान डोंगराचा कडा. तिथे कड्याच्या टोकाला उभं राहून तुम्ही गरुडाकडे वरून पाहता, ही चैन इतरत्र क्वचितच मिळते.

भरती, साबखा आणि टायरमधली हवा

बर्र अल हिकमान हे पाणथळ पक्ष्यांसाठी अरबी समुद्राच्या काठावरचं फार महत्त्वाचं ठिकाण. क्रॅब प्लोवर, ग्रेट नॉट, शेकडो-हजारो तुतवार. पण ओहोटीला गेलात तर हे सगळे पक्षी दोन-तीन किलोमीटर लांब, चिखलावर पसरलेले ठिपके असतात. भरतीच्या कमाल वेळेच्या दोन तास आधी पोहोचायचं. पाणी चढत जातं तसे पक्षी आपोआप तुमच्याकडे ढकलले जातात. भांगाच्या भरतीपेक्षा उधाणाची बरी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, कारण तेव्हा पाणी अगदी काठापर्यंत येतं. जवळच्या मसीराह बेटाचं भरतीचं कोष्टक निघण्यापूर्वी उतरवून घ्या आणि या एका जागेची तारीख त्यावरून पक्की करा, बाकीची सहल तिच्याभोवती बसवा. भरती दुपारी बारालाच असेल तर बाराला जायचं, इथे दुपारचा नियम लागू नाही. शन्नाचा धक्का ही गाडीने पोहोचायची सोपी जागा, मसीराहची फेरीबोटही तिथूनच सुटते. गाडी न्यायची असेल तर जागा आधी राखून ठेवा.

आता साबखा. किनाऱ्यालगतची सपाट, पांढुरकी, कडक दिसणारी जमीन म्हणजे साबखा. वर मिठाचा पापुद्रा, खाली ओला गाळ. माणूस चालला तर पापुद्रा टिकतो, दोन टनांची गाडी गेली तर चारही चाकं आसापर्यंत आत. कोरड्या वाळूत हवा कमी करून सुटता येतं, साबख्यात तो उपाय फारसा चालत नाही, कारण खाली धरायला घट्ट काही नाहीच. रंग गडद किंवा ओलसर दिसला की थांबायचं. ताज्या, खोल न गेलेल्या चाकोऱ्यांवरूनच जायचं. चाकोरी अचानक दुभंगून इकडेतिकडे गेलेली दिसली तर कोणीतरी तिथे रुतलं होतं असं समजायचं. एकट्या गाडीने साबख्यावर उतरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कठीण काठावर गाडी लावून शेवटचे तीनशे मीटर चाला.

वाळूसाठी मात्र हवेचं गणित उपयोगी पडतं. डांबरी रस्त्यावर दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब, बहुधा ३२ ते ३६ पीएसआय. खडीच्या कच्च्या रस्त्यावर २६-२८, मऊ वाळूत १५ ते १८. कमी हवेने टायर लांबट पसरतो आणि वजन मोठ्या पृष्ठभागावर वाटलं जातं. रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक फिरलं की ते स्वतःच स्वतःचा खड्डा खणतं. उतरा, चाकांपुढची-मागची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय उतरवा आणि ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच सरळ मागे घ्या. डांबरावर येताच कमी हवेने वेग घ्यायचा नाही, टायर तापून फुटतो. म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, दाबमापक, फावडं आणि ओढायची दोरी गाडीत हवीच. सुटं चाक नुसतं आहे ना एवढं पाहू नका. ते खाली काढून, त्यात हवा आहे का आणि जॅक त्या गाडीला बसतो का, हे भाड्याच्या आवारातच तपासा.

दुर्बीण, स्कोप, कॅमेरा

वाळवंटात मोठा स्कोप, म्हणजे तिवईवरची एकनळी दुर्बीण, न्यावा असं वाटणं साहजिक आहे, कारण मोकळवन लांबच लांब. पण नऊनंतर मृगजळी हवेत ६० पट काय आणि ४० पट काय, दोन्हींत पक्षी उकळताना दिसतो. कामाचं मोठेपण २०-३० पटच, तेव्हा ६०-६५ मिलिमीटरचा हलका स्कोप पुरतो. अपवाद भरतीच्या जागेचा, तिथे मोठ्या भिंगाचा फायदा होतो. हवा थरथरत असेल तर उंच जागी चढा. जमिनीलगतचा फूट-दोन फुटांचा थर सगळ्यात वाईट असतो, त्याच्या वरून पाहिलं की चित्र बरंच सुधारतं.

गाडीतून फोटो काढणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार: पक्षी वीस मीटरवर, शटर भरपूर वेगवान, तरी एकही फोटो धारदार नाही. लेन्सचा दोष नसतो. आत एसीची थंड हवा, बाहेर तापलेली, आणि उघड्या खिडकीत दोन्ही मिसळून घुसळतात. जागेवर पोहोचण्याच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून सगळ्या काचा उतरवा. बॉनेटवरून नेम धरायचा नाही, इंजिनाची ऊब तिथूनच वर येते.

किनाऱ्यावर याचा उलटा त्रास होतो. मस्कत, मसीराह, सलालाह इथली हवा दमट. एसीच्या खोलीतून पहाटे बाहेर आलं की भिंगावर धुकं धरतं आणि पुसलं तरी पुन्हा धरतं. कॅमेरा रात्रभर बंद पिशवीत ठेवा, बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं पिशवी उघडू नका. त्याहून सोपं म्हणजे रात्री खोलीचा एसीच लावू नका. हिवाळ्यात फारसं अडत नाही.

धूळ पुसायची नाही, आधी उडवायची. वाळूतलं क्वार्ट्झ भिंगावरच्या लेपापेक्षा कठीण असतं, सदऱ्याच्या टोकाने एकदा घासलं की कायमचे ओरखडे. फुंकणी, मग मऊ ब्रश, मग कापड, हाच क्रम. वारा असताना लेन्स बदलायची नाही. तिवईचे पाय पसरताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी थोडा बाहेर काढा, म्हणजे त्याची पकड वाळूच्या वर राहते. चिखलात उभी केली असेल तर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. डीट असलेलं, कीटक पळवणारं मलम हाताला लावून दुर्बीण धरू नका, डीट प्लास्टिक आणि रबर खातं. फिकट वाळूवर कॅमेऱ्याचं मोजमाप फसून चित्र अंधारतं, तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवून पाहा. रणगप्पीदास, म्हणजे व्हीटइयर, दिसला तर बसलेल्या पक्ष्याच्या दहा फोटोंपेक्षा उडतानाचा एक फोटो मिळवा, शेपटीवरच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीशिवाय पुष्कळ माद्या ओळखू येत नाहीत.

पिशवीत काय

पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर आणि गाडीत हात न लावायचे वेगळे दहा लिटर. नुसतं पाणी ढोसत राहिलं तरी डोकं दुखतं, मळमळतं, कारण घामातून मीठही जातं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला, बहुतेक मोठी पाकिटं एका लिटरची असतात. 'थोडं कडक' करून पिऊ नका. तहानेवर भरवसा ठेवू नका, कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो. लघवीचा रंग गडद झाला की पाणी कमी पडतंय.

पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, गुडघे-खांदे झाकलेले. ते उन्हासाठीही आणि गावात वावरण्यासाठीही. लष्करी छापाचे कपडे नकोतच. डिसेंबर-जानेवारीत आतल्या वाळवंटात पहाटे दातावर दात आपटतात, तेव्हा एक गरम जॅकेट आणि कानटोपी घ्या. बूट घोट्यापर्यंत आणि जाड तळाचे, बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार येतो. तंबूत राहणार असाल तर सकाळी बूट झटकून घालायचे. एक छोटी अतिनील विजेरी असू द्या, तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात. आणि वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, तंबू ठोकायचा नाही. डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा तिथूनच येतो.

कोडीन, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या अशी औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन लागतं, एखाद्या औषधाला आधी परवानगीही. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच, टोकांना चिकटपट्टी लावून. नकाशे आणि मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा त्या भागाचा संच वायफायवर असतानाच उतरवून ठेवा. ई-बर्डची टाचणी पुष्कळदा जागेच्या मधोमध मारलेली असते, फाटकावर नाही, म्हणून उपग्रहचित्रावर आत जायची वाट आधी शोधून तिची स्वतंत्र खूण करा.

विचारून जायच्या जागा

मस्कतच्या अल अन्सब पाणथळीसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. शेतं खाजगी असतात. फाटकावर गाडी थांबवून, उतरून, 'अस्सलाम अलैकुम' म्हणून, दुर्बीण आणि पक्ष्याचं चित्र दाखवलं की बहुधा आत सोडतात. सरळ आत शिरलात तर पुढच्या पक्षीनिरीक्षकांसाठीही फाटक बंद होतं. मसीराह आणि थुमरैतला हवाई तळ आहेत. तिथे कुंपणाच्या दिशेने दुर्बीण, स्कोप, लेन्स काहीही वळवायचं नाही, कुंपणावर कितीही चांगला खाटीक पक्षी बसलेला असो. ड्रोन परवान्याशिवाय नेऊच नका. उपकरणांची यादी अनुक्रमांकांसह छापून ठेवलेली बरी, विमानतळावर विचारपूस झाली तर दोन मिनिटांत सुटका होते.

ओमानी घुबडाबद्दल एक शब्द. हजर पर्वतात २०१३ मध्ये त्याचा आवाज सापडला, नवी जात म्हणून नाव मिळालं आणि नंतर कळलं की १८७८ मध्ये नोंदलेलं स्ट्रिक्स बटलेरी या शास्त्रीय नावाचं घुबड ते हेच. तेव्हापासून त्याच्यासाठी स्पीकर घेऊन फिरणाऱ्यांची रांग लागली आहे. रेकॉर्डिंग वाजवू नका. वारा नसलेली रात्र निवडून खिडकीच्या काचा खाली करून गप्प बसा. ते बोलतं.

संध्याकाळ

साडेतीनला पुन्हा सुरुवात. शेवटचा अर्धा तास लिश्टेनस्टाइनच्या पखुर्डीसाठी राखायचा. इतर पखुर्ड्या सकाळी येतात, ही सूर्यास्तानंतर, जवळपास काळोखात. डोंगरपायथ्याच्या वादीतलं साठलेलं पाणी पाहून, त्याच्यामागे फिकट आभाळ येईल असं बसा. विजेरी पाण्यावर मारू नका. आधी आवाज, मग डोक्यावरून सरकणाऱ्या गोलसर सावल्या, मग काठावर हलणारे काळे गोळे. आठ पटीची दुर्बीण इथे दहा पटीपेक्षा सरस ठरते, कारण उजेड जास्त येतो.

आणि मुक्काम या जागेपासून अर्ध्या तासाच्या आत असू द्या. धोफारच्या आणि आतल्या वाळवंटाच्या रस्त्यांवर उंट मोकळे फिरतात. दिव्यांच्या झोतात त्यांचे नुसते पाय येतात, रंग रस्त्याकडेच्या मातीसारखा, आणि धडक बसली तर धड थेट समोरच्या काचेवर. त्या परतीला ताशी ६० च्या वर काटा जाऊ देऊ नका.